जावरची खाण : दगड शिल्लक होता, माणसं उठून गेली

देवघरातली समई, परसातला बंब, लेकीच्या लग्नात दिलेली घागर ही सगळी पितळेची. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण, हे आपल्याकडच्या कासार-तांबटांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण हे जस्त पूर्वी यायचे कुठून? महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणात ते जवळपास नाहीच. त्याचे एक मोठे उगमस्थान होते राजस्थानात, उदयपूरच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर, अरवलीच्या रांगांत वसलेले जावर नावाचे गाव. शिसे, चांदी आणि जस्त देणारी ही खाण साधारण दोन हजार वर्षांपूर्वीपासून माणसाला माहीत आहे. मधली सव्वाशे वर्षे ती ओस पडली होती. आज पुन्हा चालू आहे.

ही खाण का बंद पडली होती, हा प्रश्न शेतकऱ्यांनी आणि गावकारभाऱ्यांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. खनिज संपले म्हणून ती बंद पडली नाही. खनिज संपले असते तर आज तिथून दगड निघालाच नसता. दगड जागेवरच होता, तो फोडणारी आणि त्यातून धातू काढणारी माणसं उठून गेली.

डोंगराच्या पोटात काय आहे?

आपल्या सह्याद्रीचा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. विहीर खणताना आधी मुरूम लागतो, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. एकावर एक असे लाव्ह्याचे थर. अरवलीची गोष्ट याहून फार जुनी आहे. जावरच्या डोंगरातला दगड १७० कोटी वर्षांहून अधिक जुना मानला जातो. त्या काळी इथे समुद्र होता. समुद्राच्या तळाशी वाळू, चिखल आणि चुनखडीच्या जातीचा गाळ साचत गेला. पुढे दाबाने आणि उष्णतेने त्या वाळूचा गारगोटीसारखा कठीण दगड झाला, चिखलाचा पाटीसारखा पापुद्रे सुटणारा दगड झाला आणि चुनखडीच्या गाळाचा डोलोमाईट.

हा डोलोमाईट म्हणजेच जावरच्या खनिजाचे घर. जमिनीखालून आलेल्या गरम, खारट पाण्यात शिसे, जस्त आणि थोडी चांदी विरघळलेली होती. त्या पाण्याला गंधक भेटले आणि हे धातू दगडात थिजून बसले. नंतर जमिनीच्या हालचालींनी हे सगळे थर दुमडले, उभे राहिले, त्यांना तडे गेले. खनिज काही ठिकाणी हलले आणि त्या तड्यांतून, फटींतून पुन्हा गोळा झाले. विहिरीत पाण्याचा झरा जसा फटीतूनच येतो आणि दोन हात बाजूला खणले तर कोरडा पाषाण लागतो, तसंच खनिजाचंही असतं. शिरेवर लागलं तर भरपूर, नाही तर काहीच नाही.

जावरच्या परिसरात मोचिया, बलारिया, जावरमाळा आणि बरोई असे खाणींचे चार मुख्य भाग आहेत. मेवाडी बोलीत डोंगराला ‘मगरा’ म्हणतात, म्हणून मोचियाला ‘मोचिया मगरा’ असेही नाव आहे. इथे प्रामुख्याने दोन खनिजे सापडतात. एक गॅलेना, म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग. हा दगड करड्या रंगाचा, चकचकीत आणि हातात घेतला की आकाराच्या मानाने चांगलाच जड लागतो. फोडला की त्याचे चौकोनी तुकडे पडतात. दुसरे स्फॅलेराईट, म्हणजे जस्त आणि गंधक यांचे संयुग. ते तपकिरी, राळेसारखी चमक असलेले. चांदी वेगळी दिसत नाही, ती मुख्यत्वे गॅलेनात लपलेली असते.

आता प्रमाण बघा. शंभर किलो खनिजात साधारण चार-पाच किलो जस्त आणि दोनेक किलो शिसे. चांदी म्हणाल तर टनामागे दोन-चार तोळे. एवढ्याशा धातूसाठी किती डोंगर फोडावा लागत असेल, याचा अंदाज यावरून येतो.

सुरुंगाशिवाय खोदकाम

आपल्याकडे विहिरीला पाषाण लागला की सुरुंगाची दारू भरायची, असा रिवाज. जावरच्या जुन्या खाणकऱ्यांकडे दारू नव्हती. त्यांची रीत वेगळी. दगडाच्या तोंडाशी लाकडे रचून मोठा जाळ करायचा. दगड तापून फुगला की त्याला बारीक तडे जायचे. मग घण, छिन्नी आणि पहार घेऊन तो सोलून काढायचा. जुन्या खाणींत आजही जाळाने गुळगुळीत, गोलसर झालेल्या भिंती दिसतात.

या खाणींमध्ये लाकडी शिड्या आणि टेकूही मिळाले. दगड ढासळू नये म्हणून लावलेल्या अशा लाकडांचा काळ शास्त्रीय पद्धतीने तपासला असता काही लाकडे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची निघाली. म्हणजे आपल्याकडे सातवाहनांचे राज्य होते, त्या सुमारास अरवलीत माणसे दिव्याच्या उजेडात डोंगराच्या पोटात उतरत होती. तेव्हा त्यांचा शोध मुख्यतः शिसे आणि चांदीचा असावा.

या कामाला लाकूड किती लागले असेल, हाही विचार करण्यासारखा भाग आहे. दगड तापवायला लाकूड, टेकूला लाकूड आणि पुढे भट्टीला कोळसा. खाण एका जागी खोल जात असते तेव्हा भोवतालचं जंगल बारा वाटांनी विरळ होत असतं.

शिशातून चांदी कशी निघते?

गॅलेनाचा दगड कुटून, भाजून, कोळशाबरोबर भट्टीत घातला की शिसे सुटते. शिसे वितळायला फार उष्णता लागत नाही, ३२७ अंश सेल्सियसला ते पातळ होते. दगडातली चांदीही या शिशात उतरते. आता ती वेगळी कशी करायची?

त्यासाठी शिसे उथळ भट्टीत पुन्हा तापवून त्यावर भात्याने वारा मारायचा. हवेने शिशाची राख होते. हीच आपल्या औषधी दुकानातली मुरदाडशिंग. ही राख वाहून जाते किंवा भट्टीच्या तळात मुरते. चांदीवर हवेचा तसा परिणाम होत नाही. शेवटी सगळे शिसे निघून गेले की तळाशी चांदीचा लखलखीत गोळा राहतो. जुने सोनार चांदी शुद्ध करायला शिसे घालत, त्यामागचे तत्त्व हेच.

मात्र शिशाचा धूर विषारी. तो रक्तात जातो, पोट दुखते, हातापायांतला जोर जातो, मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो. आजही गावोगावी जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्यावर शिसे वितळवणारे दिसतात. त्यांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना हा धोका आजही आहे.

राणा लाखा आणि तलाव

इतिहासात जावरचे नाव ठळकपणे येते ते मेवाडच्या राणा लाखा यांच्या काळात. लाखा म्हणजे महाराणा लक्षसिंह. १४ व्या शतकाच्या अखेरीस ते गादीवर होते. जावरची खाण त्यांच्या काळात हाती आली आणि मेवाडच्या खजिन्यात चांदी येऊ लागली, अशी परंपरा आहे. राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल टॉड या इंग्रज अधिकाऱ्यानेही ती नोंदवली आहे. गंमत म्हणजे टॉडने इथल्या धातूला कथील म्हटले. ते होते जस्त. त्याच्या काळापर्यंत खाण बंद पडली होती आणि तिथे नेमके काय निघायचे, याचीही आठवण पुसट होत चालली होती.

खाणीचा पैसा कुठे गेला, हे बघण्यासारखे आहे. मोडलेली मंदिरे पुन्हा बांधणे, तलाव खोदणे, बांध घालणे अशी कामे लाखा यांच्या नावावर सांगितली जातात. उदयपूरचा प्रसिद्ध पिछोला तलाव त्यांच्याच काळात एका बंजाऱ्याने बांधला, अशी आख्यायिका आहे. बैलांच्या तांड्यावर धान्य वाहणाऱ्या माणसाने बांधलेला तलाव आजही पाण्याने भरतो. खाणीचे उत्पन्न एक दिवस संपते, पाण्यात घातलेला पैसा शतकानुशतके फळ देतो, असा बोध कुणी यातून काढला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही.

जावरही तेव्हा भरभराटीला आले होते. तिथली जैन मंदिरे, जावर मातेचे मंदिर, महाराणा कुंभा यांची कन्या रमाबाई हिने बांधलेले मंदिर आणि कुंड हे त्याच वैभवाचे पुरावे. डोंगरात एक जुनी खाण ‘प्रताप खाण’ या नावाने ओळखली जाते. मोगलांशी लढताना महाराणा प्रतापांनी या खाणींच्या आसऱ्याला मुक्काम केला होता, असे तिथले लोक सांगतात.

वांग्याच्या आकाराची मूस

जावरची खरी करामत मात्र चांदीपेक्षा जस्तात होती. लोखंड, तांबे, शिसे हे धातू भट्टीत वितळून तळाशी जमतात. जस्ताचे तसे नाही. दगडातून जस्त सुटायला साधारण हजार अंशांच्या वर उष्णता लागते आणि ९०७ अंशांनाच जस्ताची वाफ होते. म्हणजे धातू सुटतो तोच वाफ होऊन. त्या वाफेला हवा लागली की लगेच पांढरी राख. भट्टीतून धूर निघून जातो आणि हाती काही लागत नाही. यामुळेच जगात अनेकांना जस्त वेगळे काढणे जमत नव्हते.

जावरच्या कारागिरांनी यावर जो तोडगा काढला, तो आपल्याकडे दारू गाळणाऱ्यालाही पटकन समजेल. वाफ हवेला लागू द्यायची नाही आणि ती खाली थंड जागी उतरवायची. त्यासाठी मातीच्या लांबट मुशी केल्या. रसरत्नसमुच्चय या जुन्या संस्कृत ग्रंथात या मुशीला वांग्यावरून ‘वृंताक मूषा’ म्हटले आहे. देठासकट उलटं धरलेलं वांगं डोळ्यांपुढे आणा, म्हणजे आकार लक्षात येईल. जस्ताच्या खनिजाबरोबर हळद, त्रिफळा, राळ, सैंधव, टाकणखार असे पदार्थ घालण्याची कृती त्या ग्रंथात आहे. जावरला भाजलेले खनिज, कोळशासारखे जळणारे पदार्थ आणि मीठ यांच्या बारीक गोळ्या वळून मुशीत भरत. मुशीच्या तोंडात एक काडी खोवायची. मूस उलटी केली तरी त्या काडीमुळे गोळ्या खाली पडत नसत. पुढे काडी जळून जायची आणि तिच्या जागी वाफेला उतरायला वाट तयार व्हायची.

अशा ३६ मुशी, सहा ओळींत सहा-सहा, भोकांच्या जाळीवर उलट्या ठेवलेल्या असत. वर जाळ, खाली गार खण. वाफ मुशीच्या नळीतून खाली उतरायची आणि खालच्या भांड्यात थेंब-थेंब जस्त साचायचे. अशा भट्ट्या ओळीने लावलेल्या असत.

१९८० च्या दशकात हिंदुस्थान झिंक कंपनी, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि लंडनचे ब्रिटिश म्युझियम यांनी मिळून इथे उत्खनन केले, तेव्हा या भट्ट्या जशाच्या तशा सापडल्या. जावरभोवती वापरून टाकलेल्या मुशींचे ढीगच्या ढीग आहेत. त्यांचे वजन सुमारे ६ लाख टन असावे, असा संशोधकांचा अंदाज आहे. जावरच्या जुन्या घरांच्या भिंतीसुद्धा विटांऐवजी या मुशी रचून बांधलेल्या आहेत. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. त्याचीही रीत वाफ खाली उतरवण्याचीच. जावरला हे काम त्याच्या कित्येक शतके आधी मोठ्या प्रमाणावर चालू होते. अकबराच्या दरबारातल्या आईन-ए-अकबरीतही अजमेर सुभ्यात जस्ताची खाण असल्याची नोंद आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेने जावरला ऐतिहासिक स्थळ म्हणून मान दिला.

आपल्या शेजारच्या बिदरचे बिदरी काम प्रसिद्ध आहे. ती काळी भांडीही मुख्यत्वे जस्ताचीच, त्यात थोडे तांबे आणि वर चांदीची जडणघडण. म्हणजे दख्खनच्या कारागिराच्या पोटापाण्याचा धागाही या धातूशी जोडलेला आहे.

खाण का पडली?

१८ व्या शतकात मेवाडची घडी विस्कटली. सरदारांत आपसांत भांडणे, गादीसाठी कलह. त्यात मराठ्यांची खंडणी. १७३६ मध्ये बाजीराव पेशवे उदयपूरला गेले आणि मेवाडवर चौथाई बसली. पुढे शिंदे-होळकरांच्या फौजा आणि पेंढारी यांच्या फेऱ्यांनी मुलूख नागवला गेला. हे आपल्या इतिहासाचंही पान आहे, ते झाकून चालणार नाही. फौज येऊन गेली की शेतकऱ्याचे बैल जातात, बियाणे जाते आणि वाटा असुरक्षित होतात. खाणीचा माल बाजारात जायला वाटा लागतात, खाणकऱ्याला खायला धान्य लागते आणि भट्टीला कोळसा. तीनही गोष्टी तुटत गेल्या.

त्यावर घाव बसला तो १८१२-१३ च्या दुष्काळाचा. त्या दुष्काळानंतर जावरची खाण चालली नाही. लोक मेले, जे उरले ते देशोधडीला लागले. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना एक गाव रिकामे होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की शेतकरी पाऊस पडल्यावर परत येतो आणि नांगर धरतो. जावरची विद्या तशी नव्हती. मूस किती जाड करायची, गोळ्या किती वाळवायच्या, जाळ कधी कमी करायचा, हे सगळे हातात आणि डोळ्यांत होते. बापाकडून मुलाने शिकायचे. मधली एक पिढी तुटली आणि सगळेच गेले. ग्रंथात कृती होती, पण ती वाचून भट्टी पेटवणारा कुणी उरला नाही.

पुन्हा सुरुवात

१९४० च्या दशकात मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या कंपनीने मोचिया भागात आधुनिक पद्धतीने काम सुरू केले. १९६६ मध्ये सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली आणि हिंदुस्थान झिंक लिमिटेड उभी राहिली. उदयपूरजवळ देबारी येथे जस्ताचा कारखाना निघाला. पाण्यासाठी टिडी नदीवर धरण झाले. २००२ मध्ये कंपनीचा कारभार खासगी गटाकडे गेला. भारतात खाणीतून जी चांदी निघते, ती जवळपास सगळी शिसे-जस्ताच्या खनिजाबरोबरच निघते.

शेतकऱ्याच्या बांधापर्यंतही हे खनिज पोहोचते. जस्ताचे खनिज भाजताना जो गंधकाचा वायू निघतो, त्यापासून गंधकाम्ल होते आणि गंधकाम्ल सुपर फॉस्फेट खत बनवायला लागते. जमिनीत जस्त कमी असेल तर भात-गहू-मका पिवळे पडतात, वाढ खुंटते. अशा वेळी हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट देण्याची शिफारस असते. मात्र ते माती तपासल्याशिवाय टाकू नये. आणि खाणीचा गाळ किंवा जुन्या भट्टीचा मळ खत समजून शेतात टाकण्याचा मोह तर मुळीच धरू नये. त्यात जस्ताबरोबर शिसेही असते.

गावाने काय करावे?

जावरच्या लोकांनी ज्या मुशी घराच्या भिंतीत चिणल्या, त्या मुशींवरून जगाने एक हरवलेली विद्या पुन्हा ओळखली. त्या कुणी फोडून रस्त्याला खडी म्हणून टाकल्या असत्या, तर हे कधीच कळले नसते. आपल्याकडेही अशा खुणा आहेत. नागपूर जिल्ह्यात पारशिवनी तालुक्यातल्या नायकुंड येथे अडीच हजार वर्षांहून जुनी लोखंड गाळायची भट्टी उत्खननात मिळाली. विदर्भात, कोकणात, मराठवाड्यात शेत नांगरताना काळ्या-तांबड्या जड किट्टाचे गोळे, जळक्या मातीच्या नळ्या, जाड मुशींचे तुकडे निघतात. ‘राक्षसाची हाडं’ म्हणून ते बांधावर फेकले जातात.

असे काही दिसले तर शेतकरी बांधवांनी जागा न विस्कटता तलाठी किंवा ग्रामसेवकाला सांगावे आणि त्यांनी ते तहसील कार्यालयामार्फत पुरातत्त्व विभागाला कळवावे. जमिनीत पुरलेला १० रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. ग्रामपंचायतींनी रस्त्यासाठी, घरकुलासाठी टेकडी फोडायला देण्याआधी एकदा गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, ‘इथं पूर्वी काय होतं?’

आणि गावात अजून एखादा लोहार, कासार, कुंभार हाताने काम करत असेल, तर त्याच्या पोराने ते शिकावे म्हणून काय करता येईल, याचा विचार ग्रामसभेने जरूर करावा. जावरचा डोंगर अजून उभा आहे. पण त्या मुशी घडवणारे हात एकदा गेले, ते परत आले नाहीत.